वादळातील भय आणि श्रद्धा

शुभवर्तमानातील वादळाची कथा अनेकांना ठाऊक आहे. गालील सरोवरात नाव पाण्याने भरू लागली, तरी येशू नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन निजला होता. घाबरलेल्या शिष्यांनी त्याला उठविले. त्याने वारा शांत केला आणि विचारले, तुम्ही भ्याला का, अजून विश्वास नाही का? यावरून आपण सहज समजतो की जेथे भय आहे तेथे श्रद्धा नाही. पण त्याच बायबलात परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ मानला आहे, आणि पूर्ण प्रीती भयाला घालवून देते असेही योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. मग भय त्याज्य की ग्राह्य?

हा पेच आपली मराठी भाषाच थोडा सैल करते. ‘सापाला भितो’ आणि ‘देवाला भिऊन वागतो’ यांत क्रियापद एकच आहे. मात्र पहिला माणूस पळतो, दुसरा स्वतःला आवरतो. मार्काच्या कथेतही वादळ शमल्यावर शिष्य अधिकच भ्याले. आता ते लाटांना भीत नव्हते. लाटा ज्याचे ऐकतात त्याच्यासमोर ते थरारले होते.

वादळात निजलेला आणखी एक जण बायबलात आहे, तो योना. खलाशी भिऊन आपापल्या देवांचा धावा करीत होते, जहाज हलके करण्यासाठी माल समुद्रात टाकीत होते. आणि हा तळाशी गाढ झोपला होता. सोपविलेले काम टाळून तो पळाला होता. तेव्हा केवळ निश्चिंतपणावरून कोणाची श्रद्धा मोजता येत नाही.

हे मला पुस्तकाबाहेर उमगले ते २००५ साली. कृष्णेला पूर आला होता आणि चिकोडी तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून लोकांना हलविण्याचे काम माझ्याकडे होते. सवयीने मी सर्वांना ‘घाबरू नका’ म्हणत होतो. एक वृद्ध गृहस्थ देवघरापुढून उठेनात. म्हणाले, “सायेब, तुमीच म्हंतासा घाबरू नका. देव हाय की.” मला उत्तर सुचेना. तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली त्यांची सून म्हणाली, “मामा, मला भ्या वाटतंय. माझ्यासाठी तरी चला.” ते उठले.

त्या सुनेचे भय स्वतःपुरते नव्हते. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना तिची आठवण येते. दुष्काळाच्या काळातील भ्रमंतीत रमाबाईंनी आई-वडील गमावले होते. भूक म्हणजे काय हे त्या जाणून होत्या. तरीही, किंबहुना म्हणूनच, १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्याही त्याच.

मार्काच्या कथेतील क्रम मला महत्त्वाचा वाटतो. येशू आधी वारा शांत करतो, विश्वासाचा प्रश्न नंतर विचारतो. भ्यालेल्याला आधी हात द्यावा, उपदेश मागाहून करावा. त्या पुरानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी ‘घाबरू नका’ म्हणणे सोडून दिले. ‘चला, मी बरोबर आहे,’ एवढेच म्हणत असे.