ह्यातली आपली माणसं कंची?

कोरियन ऐतिहासिक मालिकांचे पहिले दहा-बारा एपिसोड माणसं ओळखण्यातच जातात. सगळ्यांच्या डोक्यावर अंबाडा, सगळ्यांच्या अंगावर चिलखत, आणि नावांमधली निम्मी ‘किम’. ‘क्वीन सोंडॉक’ ही एमबीसी वाहिनीची २००९ सालची मालिका ६२ एपिसोडांची आहे. ती मी तासगावच्या घरी आईबरोबर बघितली. सबटायटल इंग्रजी, म्हणून मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आईने नावांच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं होतं. कपटी मिशिल ही ‘भुवईवाली’, दगडावर लाकडी तलवार मारत बसणारा तरुण किम युशिन हा ‘दगडावर काठी मारणारा’. नवीन फौज पडद्यावर आली की तिचा एकच प्रश्न असायचा, “ह्यातली आपली माणसं कंची?”

प्रश्न व्यवहारी होता. कोण मेल्यावर वाईट वाटून घ्यायचं हे आधी कळलेलं बरं. पण उत्तर देताना माझ्या लक्षात यायला लागलं की ‘आपली’ म्हणजे कॅमेरा ज्यांच्या तंबूत बसलाय ती. सातव्या शतकात कोरियात तीन राज्यं होती: उत्तरेला गोगुर्यो, नैऋत्येला बेकजे, आग्नेयेला सिल्ला. ही मालिका सिल्लाची, म्हणून बेकजेचे सैनिक हे चेहरा नसलेले आणि झाडीतून बाण मारणारे. ‘गेबेक’ ही २०११ सालची मालिका बेकजेच्या सेनापतीची. ती लावली की तेच डोंगर, तीच झाडी, आणि आता सिल्लाच्या माणसांना चेहरा नाही. शिवाय माझं भाषांतर होतंच. एकाच इंग्रजी शब्दाला मी कधी ‘बंडखोर’ म्हणायचे, कधी ‘फितूर’, आणि आई त्याप्रमाणे रागवायची.

चांगल्या मालिकेची खूण ही की ती हा करार मधेच मोडते. मिशिल पन्नासेक एपिसोड खलनायिका असते. सत्तेसाठी तिने काय काय केलं याची यादी करायला वही लागेल. शेवटी ती वेढली जाते, आणि बेकजेच्या सीमेवरच्या किल्ल्यातली फौज तिच्या मदतीला निघाल्याची बातमी येते. ती फौज पोचली तर डाव उलटू शकतो. मिशिल तिला परत पाठवते, कारण सीमा उघडी पडेल. मग ती स्वतः विष घेते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजे एवढे दिवस आपण हिला उगंच शिव्या दिल्या?”

उगंच नव्हत्या दिल्या. मिशिलचे गुन्हे त्या एका हुकुमाने पुसले जात नाहीत. पण ती जे राज्य गिळायला निघाली होती तेच तिला आपलंही वाटत होतं, आणि ‘आपलं’ या शब्दात हे दोन्ही एकत्र मावतं, हे त्या एपिसोडने दाखवलं. किम युशिनचं तर आणखी गमतीचं. तो सिल्लाचा महापराक्रमी सेनापती, पण त्याचं घराणं मूळ सिल्लाचं नव्हतं. गाया नावाच्या छोट्या राज्याचा शेवटचा राजा इसवी सन ५३२ मध्ये सिल्लाला शरण गेला, त्याचा हा पणतू. जिंकलेल्यांचा पणतू जिंकणाऱ्यांचा आदर्श झाला. ‘आपले’ व्हायला किती काळ लागतो याचं मोजमाप हवं असेल तर हे घ्या: पणजोबा ते पणतू.

माझा खरा प्रश्न मात्र ६६० सालच्या ह्वांगसानबॉलच्या लढाईपाशी सुरू होतो. सिल्लाने चीनच्या थांग साम्राज्याला मदतीला बोलावलं आणि दोघे मिळून बेकजेवर चालून गेले. गेबेककडे पाच हजार माणसं, समोर सिल्लाची पन्नास हजार. निघण्याआधी त्याने बायकोमुलांना स्वतःच्या हाताने मारलं, शत्रूचे गुलाम होण्यापेक्षा हे बरं म्हणून. पहिले चार सामने त्याने जिंकले. तेव्हा सिल्लाच्या सरदारांनी आपल्या कोवळ्या पोरांना एकेकटं पुढे घातलं. ग्वानचांग सोळा वर्षांचा होता. तो पकडला गेला. गेबेकने त्याचं शिरस्त्राण काढायला लावलं, पोरगा बघितला आणि सोडून दिला. पोरगा छावणीत परतला, विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायला आणि पुन्हा घोडा घालून गेला. या वेळी त्याचं मुंडकं खोगिराला बांधून घोडा परत आला. बापाने बाहीने रक्त पुसलं. ते बघून सिल्लाची फौज पेटली आणि बेकजे संपलं.

ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा तिने विचारलं, “आणि पोराची आई?” तिचा उल्लेख नाही. गेबेकची बायको निदान ली जून-इक यांच्या २००३ सालच्या ‘ह्वांगसानबॉल’ या चित्रपटात तोंड उघडते. मारायला आलेल्या नवऱ्याला ती अशी फैलावर घेते की त्या विनोदी चित्रपटात अचानक कुणाला हसू येत नाही.

या लढाईत मला दोन्हीकडचं वाईट वाटतं, आणि ते वाटायला काही कष्ट पडत नाहीत. गेबेकचाही राग येत नाही, ग्वानचांगच्या बापाचाही फारसा येत नाही. दोघांच्या जागी उभं राहून बघता येतं. याला काय म्हणायचं? न्यायबुद्धी म्हणावं असा मोह होतो. पण जिथे माझं काहीच गुंतलेलं नाही तिथली न्यायबुद्धी म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर बसून केलेली वाटणी. मला दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कारण दोन्हीबद्दल मला सारखंच कमी माहीत आहे. त्याच चित्रपटात बेकजेचे सैनिक जोल्ला प्रांताच्या बोलीत बोलतात आणि सिल्लाचे ग्योंगसांगच्या. सबटायटलमध्ये ते हरवतं, पण कोरियन प्रेक्षकाला लगेच कळतं, कारण या दोन प्रांतांमधली चुरस आजही मतपेटीत दिसते. तेराशे वर्षांपूर्वीची लढाई तिथल्या माणसाला माझ्याइतक्या शांतपणे बघता येत असेलच असं नाही.

म्हणून हा निःपक्षपातीपणा घरी आणून बघावा असं वाटलं. घरी, म्हणजे तासगावात.

आमच्या गावात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, रथ निघतो. तीन मजली लाकडी रथ, जाड दोर, आणि ओढायला माणसं. देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकात बांधलं. दक्षिणेतल्या मोहिमांत त्यांनी गोपुरं बघितली आणि तसं सात मजली गोपुर इथे उभारलं. महाराष्ट्रात एरवी न दिसणारी गोष्ट. लहानपणापासून ते गोपुर माझ्यासाठी ‘गाव आलं’ची खूण आहे. भाऊ आमचे. याबद्दल आमच्याकडे कुणाला प्रश्नच पडत नाही.

आता कॅमेरा उचलून दुसरीकडे ठेवू. १७३१ च्या वारणेच्या तहाने शिवाजी महाराजांच्या गादीच्या दोन गाद्या कायम झाल्या, सातारा आणि करवीर. पुढे सत्ता पेशव्यांकडे गेली आणि पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार. त्यांच्या जहागिरी करवीरच्या सीमेला लागून, त्यामुळे कोल्हापूरशी लढाया पिढ्यान्‌पिढ्या. पुण्याच्या राजकारणात भाऊ कैदेत पडले तेव्हा करवीरच्या फौजेने तासगावावर चाल करून त्यांचा वाडा जाळला. १७९८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी पेशव्याविरुद्ध उचल खाल्ली, तर ती मोडायला भाऊंना मोकळं करण्यात आलं. ती त्यांनी मोडली. मग ते कोल्हापूरवर निघाले, आणि सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकोडोलीच्या लढाईत पडले. तासगावातून बघितलं तर एक म्हातारा सरदार जळालेल्या वाड्याचा हिशेब चुकवायला निघाला. कोल्हापुरातून बघितलं तर नोकराने वर्षभराच्या आत धन्याच्या दोन्ही गाद्यांवर हत्यार उचललं.

पट्टणकोडोली हे आईचं माहेर. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी करत दीड-दोन तासांचा रस्ता. तिच्या लेखी ते गाव म्हणजे विठ्ठल-बिरदेवाची जत्रा, भंडाऱ्याने पिवळं झालेलं आभाळ आणि फरांडेबाबांची भाकणूक. भाऊ तिथे पडले हे तिला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. ऐकल्यावर तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “म्हंजे तुज्या आजोळच्यांनी मारलं.” पन्नास वर्षं तासगावात रथाला नारळ वाढवणारी बाई, पण भाऊंच्या मरणाची जबाबदारी घेताना ती चटकन माहेरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जरा अभिमानानेच.

इथे मला ह्वांगसानबॉलसारखं दोन्हीकडे उभं राहता येईना. कोल्हापूरची बाजू डोक्याला पटते, पण जळालेल्या वाड्याचं नाव निघालं की अंगावर येतं. आणि हे तरी सोपं, कारण आजोळही माझंच. अवघड आहे ती तिसरी जागा.

१७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते. मराठ्यांच्या फौजा कर्नाटकात होत्या त्या परशुरामभाऊंच्या सेनापतित्वाखाली. त्या वेळी रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसं मारली गेली, शारदेची मूर्ती हलवली गेली. शंकराचार्यांनी मदत मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी पैसा आणि साहित्य पाठवलं. तो पत्रव्यवहार १९१६ मध्ये मठातच सापडला. आता शृंगेरीच्या पायरीवर कॅमेरा ठेवा आणि आईचा प्रश्न विचारा.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत. लूट पेंढाऱ्यांनी केली, सरदारांनी नव्हे. ते रघुनाथराव, आमचे भाऊ नव्हेत. टिपूने मदत केली ती राजकारण म्हणून. यातलं प्रत्येक वाक्य बहुधा खरं आहे. पण गंमत बघा, मिशिल जेव्हा दुसऱ्याच्या हातून काटा काढायची तेव्हा ‘तिने स्वतः कुठे केलं’ असं आपल्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या हुकुमाविना झालेल्या गोष्टीही आपण तिच्याच खात्यावर लिहिल्या, कारण फौज तिची होती. पेंढारी फौजेमागून चालतात ते काय करतात हे माहीत असूनच त्यांना बरोबर घेतात. ज्या सरदाराला दक्षिणेतल्या देवळाचं गोपुर इतकं आवडलं की त्याने ते गावात आणून उभं केलं, त्याच्याच मोहिमेत दक्षिणेतला मठ लुटला गेला. मी दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिल्यात. गावात हे वाक्य मोठ्याने म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे; मी एकदा म्हणून बघितलं, तर एका काकांनी विचारलं, “मग काय रथ ओढायचा नाही?”

प्रश्न चुकीचा नाही. तटस्थ माणसं रथ ओढत नाहीत. ‘आपलं’ म्हटल्याशिवाय दोराला हात लागत नाही, वर्गणी निघत नाही, आणि खरं तर इतिहासही वाचला जात नाही; मी भाऊंबद्दल चार पुस्तकं चाळली ती ते आमचे म्हणूनच. बेकजेबद्दल मी एकही चाळलं नव्हतं, मालिका लागेपर्यंत. त्यामुळे आपलेपणा सोडून देणं हा इलाज मला पटत नाही. पण आपला म्हटल्यावर त्याची सगळी खतावणी आपली. मिशिलला वाचताना लावलेला हिशेब भाऊंना लावायचा आणि तरी दोर धरायचा, हे जमतं का? काकांना मी म्हटलं, ओढणार की. त्यांना ते उत्तर पुरलं. मला पुरलेलं नाही.

ग्वानचांगची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथातून. किम बुशिक यांनी तो ११४५ मध्ये सिद्ध केला. त्यांचं घराणं सिल्लाचं, म्हणजे जिंकलेल्यांचं. तरी शत्रूच्या सेनापतीने कोवळं पोर बघून सोडून दिल्याचा प्रसंग त्यांनी ठेवला. तो गाळला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि आपल्या पोराचं शौर्य उलट जास्त उठून दिसलं असतं.

परशुरामभाऊंच्या मृत्यूच्या दोन हकीकती सांगितल्या जातात. एकीत ते लढता लढता रणातच पडले. दुसरीत ते जखमी अवस्थेत हाती लागले आणि त्यांना करवीरच्या महाराजांपुढे नेऊन ठार केलं गेलं. पहिली कोल्हापूरच्या सोयीची आहे, दुसरी आमच्या रागाच्या. आईला दोन्ही सांगितल्या. तिला पहिली खरी वाटते. मला कुठली खरी वाटावी हे मी अजून ठरवलेलं नाही; पण दुसरी वाचताना तिच्या बाजूने पुरावा शोधायला मी जितकी पानं उलटली, तितकी पहिलीसाठी उलटली नव्हती. म्हणून सध्या ती उलटतेय.