शेजारच्या टेबलावरचा फोन

ऑफिसात पंखा घरघरतो, प्रिंटर खडखडतो. त्याची सवय होऊन जाते. पण शेजारच्या टेबलावर कुणी फोनवर बोलू लागलं, की हातातली बेरीज चुकते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की दोन्ही बाजूंचं संभाषण कानावर पडलं तर कामावरचं लक्ष तितकं उडत नाही, जितकं एकाच बाजूचं बोलणं ऐकताना उडतं. पुढे काय येणार याचा अंदाज लागत नाही, म्हणून मन तिकडेच ओढलं जातं.

म्हणजे वैतागणारा माणूस उगाच चिडका नसतो. बोलणाराही मुद्दाम त्रास देत नसतो. पण आपण ड्रॉवर आपटतो, चहाच्या टपरीवर तिसऱ्यालाच सांगतो, नाहीतर थेट साहेबांची केबिन गाठतो. मग दोन टेबलांमध्ये अबोला धरला जातो, आणि तो त्या फोनपेक्षा कितीतरी जास्त छळतो. मला वाटतं, फोन संपू द्यावा, चारचौघांत नको, जवळ जाऊन सांगावं, "मॅडम, मार्चएंडचा हिशेब जुळवतोय, आज जरा पॅसेजमध्ये बोलाल का?" आपला आवाज किती लांब जातो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.