लसणाचा वाफा आणि माळकऱ्याचे मन



यवतमाळला लागूनच लोहारा आहे. मुलूख कापसाचा, माती काळी. तेथील एका माळकरी बाईंनी मागे आम्हांस प्रश्न केला, "महाराज, चातुर्मासात मी कांदा-लसणाला शिवत नाही. मग परसात लसूण लावला तर दोष लागतो का? अन् अजून एक विचारते. श्रावणात सून बाळंतीण होती. तिच्या आईनं लसूण-खोबऱ्याची चटणी पाठवली, ती मी घरात घेतली नाही. चुकलं का हो माझं?"

हे ऐकून आम्ही खाली पाहिले. आषाढात त्याच गावी कीर्तनाच्या भरात कांदा-लसणाची निंदा आम्हीच केली होती. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, आम्हांसही बरे वाटले. त्या टाळ्यांची किंमत मात्र एका बाळंतिणीने दिली.

तेव्हा आधी व्रताचे पाहू. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी करतो, हौसेने भजी खातो आणि दोन दिवसांनी, देवशयनीपासून कार्तिकीपर्यंत, कांदा-लसूण सोडतो. हा नेम चांगला आहे. जिभेला लगाम लागतो. पण नेम ज्याचा त्याने पाळायचा. स्वतःच्या ताटातले काढले तर तो त्याग. दुसऱ्याच्या ताटातले काढले तर ती सत्ता झाली. विदर्भ हे तर रुक्मिणीमातेचे माहेर. कौंडण्यपूरच्या लेकीला आपण आई म्हणतो, आणि घरात आलेल्या परक्याच्या लेकीचा घास अडवतो. हे पांडुरंगाला कसे रुचेल?

आता लावण्याचे. माढे तालुक्यातील अरण येथे सावता महाराजांची समाधी आहे. शके 1217 मध्ये, इ. स. 1295 साली, ते समाधिस्थ झाले. जन्मभर त्यांनी मळा राखला, भाजीपाला पिकवला, आणि त्या मळ्यातच त्यांना देव भेटला. आजही पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला त्यांच्या भेटीस येते. ज्याच्या वाफ्यापाशी देव चालत येतो, त्याच्या कामाला दोष कोण लावणार?

तर बाई, लसूण जरूर लावा. कार्तिकीची वारी करून परतलात की हाच त्याचा हंगाम. पाणी साचणार नाही अशी जागा बघा, चांगले कुजलेले शेणखत घाला. गड्डा फोडून बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या बियाण्याला निवडा. टोक वर, बूड खाली, दोहोंत चार बोटांचे अंतर, वर दोन बोटे माती. येथे आपले मन उघडे पडते. मोठी पाकळी फोडणीला ठेवावी आणि बारकी मातीत टाकावी असे वाटते. पण बारकी पाकळी लावली तर गड्डाही बारकाच. देवाला आपण दिवसातला कोणता वेळ देतो? उरलासुरलाच ना?

शेजारच्या वाफ्यात थोडे कांदे लावा. कांदा पोसला की त्याची मान आपोआप पडते. तोच काढून वाळवला की टिकतो. डेंगळा येऊन मान ताठ राहिलेला कांदा दिसायला जोरकस, पण साठवणीत आधी तोच सडतो. गळ्यात माळ घालून आमची मान ताठच राहिली, तर आमचीही गत तीच. लसणाचे म्हणाल तर साधारण साडेचार महिन्यांनी पाने पिवळी पडतात. त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडायचे. योग्य वेळी देणे आणि योग्य वेळी थांबणे, दोन्ही माळ्याला कळावे लागते. सासूलाही, आणि कीर्तनकारालाही.

बाईंना आम्ही इतकेच सांगितले, "माय, चूक तुमची थोडी, आमची जास्त. सुनेला हाक मारा." सून लेकराला घेऊन दारात आली. आम्ही तिला हात जोडले. ती गोंधळली, मग म्हणाली, "जाऊ द्या महाराज. वाफा कुठं करायचा ते दाखवा." आणि सासू कुदळ आणायला आत गेली.

यंदाच्या आषाढात कोणी नेमाविषयी विचारील, तेव्हा आम्ही आधी विचारू, घरात बाळंतीण, आजारी, म्हातारे कोणी आहे काय? त्यांचे ताट आधी वाढा, मग आपला नेम धरा.

रामकृष्णहरि.