सावलीपुरता चांगुलपणा

पोर्तो रिकोच्या पूर्व किनाऱ्याजवळ कायो सांतियागो नावाचं जेमतेम पंधरा हेक्टरांचं बेट आहे. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतातून नेलेली ४०९ ऱ्हीसस माकडं तिथे सोडली. म्हणजे तुमच्याआमच्यापैकी बहुतेकांच्या आधी ही देशी मंडळी अमेरिकेच्या हद्दीत स्थायिक झाली, तीही व्हिसाच्या कटकटीशिवाय!

या माकडांच्या गोतावळ्यात वीसहून अधिक प्रजाती आहेत. सुलावेसी बेटावरच्या काही प्रजाती भांडल्या तरी लवकर समेट करतात. ऱ्हीससची ख्याती नेमकी उलटी. उतरंड कडक, वरच्याच्या जागेजवळ खालच्याने फिरकायचं नाही. ‘शेवटी जातीवर गेला’ असं आपण माणसांबद्दलही किती सहज म्हणतो, तसाच हा शिक्का.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक झाडं नेली. माकडं मोठ्या संख्येने वाचली, सावली मात्र उरली नाही. तिथलं ऊन चाळिशीच्या पुढे जातं. अशा वेळी कोणीही आप्तांना घट्ट धरून बसेल, असंच वाटतं ना? माकडांनी नवी नाती जोडली. सावलीच्या एखाद्या पट्ट्यात, पूर्वी ज्याला हुसकावलं असतं त्याच्या शेजारी ती बसू लागली. आणि वादळानंतरच्या वर्षांत, शेजारी खपवून घेणारी माकडं जगण्याची शक्यता अधिक होती.

यावर तुम्ही म्हणाल, हा कसला चांगुलपणा? ही तर गरज. मला हा युक्तिवाद नेहमी अर्धवट वाटतो. आखातात एका खोलीत आठजण राहतात, तेव्हा कोण कुठल्या जिल्ह्याचा, कोणत्या आडनावाचा हे मागे पडतं. भाडं वाटून घ्यायचं असतं म्हणूनच. पण रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट भाड्याच्या हिशेबात कुठे बसतं? गरजेने दार उघडलं एवढंच; आत काय होतं ते गरजेने घडवलेलं नाही. त्याच माकडांनी हयातीतच वागणं बदललं, म्हणजे ती क्षमता त्यांच्यात आधीपासून होती. मग ‘स्वभाव’ म्हणून आपण इतकी वर्षं जे मोजलं, तो त्यांचा स्वभाव होता की भरपूर सावलीचा परिणाम?

संशोधक वर्षानुवर्षं ही माकडं पाहत आहेत. त्यांना आढळलेली एक गोष्ट मला विशेष वाटते: ही सहनशीलता सावलीपुरती राहिली नाही, रोजच्या इतर व्यवहारांतही उतरली.