हुकूम कोणाचा?

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी पुतणी अमरावतीला कॉलेजात शिकते. सुटीत दिग्रसला आली ती एक इंग्रजी कादंबरी बरोबर घेऊन. मी स्वतः तीन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि वीस वर्षे मास्तरकी केली आहे. पण माझे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले. इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे शब्दकोश उशाशी घेऊन बसावे लागते. तेव्हा पुतणीनेच ती गोष्ट तीन संध्याकाळी ओट्यावर बसून मला सांगितली. तिची आई, म्हणजे माझी थोरली वहिनी, शेजारी वाती वळीत बसली होती.

कादंबरी कॅनडातील लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांची, 1985 साली प्रसिद्ध झालेली. नाव 'द हँडमेड्स टेल', म्हणजे एका दासीची कहाणी. अमेरिकेतील सरकार उलथवून तेथे धर्माच्या नावाने राज्य करणारी एक सत्ता आली आहे. त्या राज्याचे नाव गिलियड. तेथे धर्मग्रंथातील वचने पुढे करून बायकांच्या नोकऱ्या काढून घेतल्या, पैसे काढून घेतले, शेवटी वाचनही काढून घेतले. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे पुसून चित्रे आली. कारण अक्षर दिसले की बाई ते वाचणार! ज्यांना मुले होण्याची आशा आहे अशा स्त्रिया मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी दासी म्हणून नेमायच्या. त्यांचे मूळ नाव जाऊन मालकाचे नाव लागायचे; फ्रेडच्या घरची ती 'ऑफ्रेड'. आणि या दासींचा वेष लाल.

एवढे ऐकल्यावर वहिनीच्या हातातली वात थांबली. ती म्हणाली, "लाल? आमच्या वाड्यातली म्हातारीबी लालच नेसे. डोक्यावर केस नव्हते तिच्या." थोड्या वेळाने म्हणाली, "मंग याच्यात नवीन काय हाये? हे तं होऊनच गेलं."

पुतणी एकदम गप्प झाली. मग तिने सांगितले की, लेखिकेने स्वतःच एक नियम घालून घेतला होता: माणसांनी इतिहासात कधी ना कधी, कोठे ना कोठे जे केलेलेच नाही, असे या पुस्तकात काही घालायचे नाही. लेखिका जे जाणूनबुजून सांगते, ते आमच्या वहिनीने पुस्तक हाती न धरता ओळखले होते.

अशा वाङ्मयाला इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात. रामराज्याचे चित्र रंगवितात त्याच्या नेमके उलट. जे राज्य येऊ नये त्याचे चित्र. पुष्कळांना असल्या कथा अतिरेकी वाटतात. परंतु 2021 साली अफगाणिस्तानात तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि मुलींची शाळा सहावीपुढे बंद झाली. पुढच्याच वर्षी विद्यापीठांची दारेही लागली. मी रोज ज्या मुलींना पाटीवर अक्षर गिरवायला लावतो, त्यांच्याकडे पाहताना मला ही कादंबरी अतिरेकी वाटत नाही.

तरीही त्या दिवाळीनंतर मनात घोळत राहिले ते गिलियड नव्हे, तर वहिनीचे "होऊनच गेलं" हे शब्द. आपल्या मराठीत गिलियड कोणी लिहिले आहे काय? शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, मराठी कादंबरीचा जन्मच त्या विषयावर झाला आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे. त्याची नायिका यमुना, विषय विधवांचे हाल. पुढे हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये सुरू झालेल्या आपल्या 'करमणूक' पत्रात 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी लिहिली. तिची नायिकाही यमुनाच. ही यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते, जशी ती ऑफ्रेड सांगते. नवरा गेल्यावर शंकरमामंजींच्या धार्मिकपणाखाली तिचे जबरदस्तीने केशवपन होते. फरक एवढाच की, अ‍ॅटवुडबाईंना राज्य कल्पावे लागले, आपट्यांना काहीच कल्पावे लागले नाही. त्यांना पुण्यातल्या एखाद्या वाड्याचे दार लोटले की पुरे होते.

आणि आमचे वऱ्हाडही मागे नव्हते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक काढले. बायको मेली तर नवरा दुसरी करून आणतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच काय पाप केले, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ते पुस्तक विस्मरणात गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे त्या सवालाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. आपट्यांनी आपल्या कादंबरीला दिलेले नाव ताराबाईंच्याही पुस्तकाला लागू पडले म्हणायचे!

परंतु दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की एक मोठा फरक दिसतो, आणि माझ्या मते सारा मुद्दा त्यातच आहे. गिलियडमध्ये सैन्य आहे, बंदुका आहेत, हेर आहेत. यमूच्या पुण्यात यातले काय होते? सरकार इंग्रजांचे होते. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 मध्येच झाला होता. यमूचे केस काढा असा हुकूम कोणत्याही राजाने दिला नव्हता. तरी ते काढले गेले. मग राज्य कोणाचे होते? हुकूम कोणाचा होता?

येथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतके दिवस ती मी कोठेही लिहिली नाही.

आठ वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू वारले. घरात बायकांची गर्दी. वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. आत्याने मला खुणेने जवळ बोलाविले आणि म्हणाली, "जाय बाबू, दगड घेऊन ये." दगड कशासाठी हे मला कळत होते. हे चुकीचे आहे, हेही मला कळत होते. माझ्याच एका कादंबरीत मी त्यावर एक प्रकरण लिहिले होते. मी "हो" म्हणालो, परसात गेलो, आणि दगड आणून आत्याच्या हातात दिला. दाराशी बारा वर्षांची पुतणी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, दगडाकडे पाहिले. मग आतून काचा फुटल्याचा आवाज आला.

आत्याला मी दोष देत नाही. ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली; तिच्या बांगड्या कोणीतरी अशाच फोडल्या असतील. गिलियडमध्ये दासींना वळण लावणाऱ्या ज्या करड्या बायका आहेत, त्यांना 'आंट' म्हणतात. पुतणी हे सांगताना म्हणाली, "काका, आंट म्हणजे आत्याच की." एवढेच बोलून तिने पान उलटले. ती त्या दिवसाविषयी माझ्याशी कधी काही बोललेली नाही.

त्या दिवशी आमच्या घरात कोणी धर्माधिकारी नव्हता, पोलीस नव्हता. मी दगड आणला नसता तर मला कोणी तुरुंगात घातले नसते. फार तर चार बायका कुजबुजल्या असत्या. त्या कुजबुजीला भिऊन मी, पुस्तके लिहिणारा माणूस, गेलो आणि आलो. धर्मसत्तेला सिंहासन लागतेच असे नाही. तिला लागतात हात. आणि हे हात नेहमी श्रद्धाळूंचेच असतात असेही नाही; ज्यांची श्रद्धा नाही पण भीड आहे, अशांचे हात तिला अधिक उपयोगी पडतात.

उलटही घडले आहे. 1890 मध्येच, ज्या वर्षी 'करमणूक' सुरू झाले त्याच वर्षी, मुंबईत न्हावी मंडळींची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्या लोकांनी ठरविले. ते शास्त्री नव्हते, पदवीधर नव्हते. त्यांनी धर्मग्रंथांचा खल केला नाही. वस्तरा आपल्या हातात आहे, हे त्यांनी ओळखले. शंकरमामंजी कितीही गरजले तरी वस्तरा त्यांना चालवता येत नव्हता. तो चालवणारा माणूस "नाही" म्हणाला की मामंजींचे राज्य ओसरीपुरतेच उरते.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही ऐन दिवाळीत धर्मावर घसरता आहात. तसे नाही. आमच्या घरी देवापुढे दिवा लागतो, एकादशीला साबुदाणा भिजतो, आणि दुःखाच्या वेळी मीही अभंगांपाशीच जाऊन बसतो. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना समाजाने दूर लोटले, त्या भावंडांतल्या ज्ञानेश्वरांचा ग्रंथ आज आपण डोक्यावर घेतो. वाळीत टाकणारेही धर्माचेच नाव घेत होते आणि ग्रंथ रचणारेही. धर्म माणसाला धीर देतो तोवर तो धर्म; दुसऱ्याच्या हातातील बांगडी मोजू लागला की ती सत्ता झाली. ही ओळख ज्याची त्याला पटावी लागते, आणि मला वाटते, अशा कादंबऱ्यांचे काम तेवढेच आहे. त्या आपल्याला परक्या राज्याची भीती घालत नाहीत. आपल्या परसातला दगड दाखवितात.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला: कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या चाली आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ही बातमी मी वर्गात मुलांना वाचून दाखविली. घरी मात्र वाचून दाखविण्याचे धैर्य झाले नव्हते.

ते गेल्या दिवाळीत झाले. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी पाटावर बसलो. ओवाळायचे ताट आठ वर्षांत वहिनीने हाती घेतलेले नाही. माझी पत्नीच ते घेते. मी म्हणालो, "वहिनी, आज तुम्ही ओवाळा." पत्नीने ताट पुढे केले. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती हलली नाही. म्हणाली, "भाऊजी, आजचं राहू द्या. घरातल्या घरात काय, कोनीबी ओवाळीन. पोरीच्या लगनात चार लोकांपुढं मले हळदीले पुढं उभं कराल का, ते सांगा."

मी लगेच "हो" म्हणालो. पुतणी तेथेच होती. तिने माझ्याकडे पाहिले, जसे दाराशी उभी राहून पाहिले होते तसेच. दगड आणतानाही मी लगेच "हो" म्हणालो होतो, हे त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

लग्न अजून ठरायचे आहे. मांडवात कुजबुज होईल, वरपक्षाकडून एखादी आत्या मला खुणेने बोलावील, आणि काहीतरी अगदी साधे काम सांगेल. हुकूम असाच येतो. तो हुकमासारखा दिसत नाही. तेव्हा माझा हात काय करील, हे आज कागदावर लिहिणे सोपे आहे, म्हणून लिहीत नाही. वाचकहो, तुमच्याही घरी यंदा ओवाळणीचे ताट फिरेल. ते कोणाला वळसा घालून पुढे जाते, तेवढे पाहून ठेवा.