रुमालाखालचा भाव

जुनी घड्याळं गोळा करणाऱ्याला एक सवाल कधी ना कधी पडतोच. विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, तर आपण तोंड उघडायचं का? बाजाराची रीत म्हणाल तर कुणी उघडत नाही.

माझ्याकडं लंबकाची नऊ घड्याळं आहेत, सगळी कबनूर, इचलकरंजी, हातकणंगले ह्याच पट्ट्यातली. आमच्या आज्याच्या काळात दिवस घटकांत मोजायचे. चोवीस मिनिटांची एक घटका, अशा साठ घटका म्हणजे दिवस-रात्र. लग्नात तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की घटका भरली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला आणि पुढं मागांबरोबर पाळ्या आल्या. पाळीला वाटी कशी चालणार? भिंतीला घड्याळ लागलंच. गंमत बघा, १ जानेवारी १९०६ ला देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबई कितीतरी वर्षं स्वतःची एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ धरून बसली होती.

ह्या भागात मला सापडली ती जास्त करून अमेरिकेची अन्सोनिया आणि जपानची सेकोशा. अन्सोनियाचा कारखाना १९२९ साली बुडाला, त्याची यंत्रं रशियानं विकत घेतली. कारखाना गेला, पण त्याचं घड्याळ आमच्या गल्लीत अजून ठोके देतंय.

तसलंच एक गल्लीतल्या आक्कांनी माझ्याकडं आणलं. स्प्रिंग तुटलेली, काच तडकलेली, पण तबकडी अस्सल, चारच्या जागी चार उभ्या काड्या. म्हणाल्या, "तात्या, भंगारवाला दोनशे देतोय. तुमी अडीचशे द्या आनि घेऊन जावा."

मी म्हटलं, "आक्का, असंच मोडकं दिलं तरी ह्याचं चार-पाच हजार येत्यात. चालू केलं तर जास्तच."

त्यांचा विश्वासच बसंना. पोरानं मात्र लगेच ऐकलं. म्हणाला, "मग तात्या, तुमीच द्या की पाच हजार." पेच इथंच आहे. खरी किंमत सांगायची म्हणजे एकतर तेवढी मोजायची, नाहीतर वस्तू सोडायची. ऊसबिल यायचं होतं. मी सोडली.

माझा एक दोस्त ह्यावर चिडला. "तुला हे कळायला वीस वर्षं गेली. त्या माहितीचं मोल काहीच न्हाई का?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तुटकी स्प्रिंग बदलणं, चाकांची घाण काढणं, लंबकाखालची चकती अर्धा फेरा वर घेऊन चाल जुळवणं, ह्याचं मोल मी हक्कानं घेईन. ते माझ्या हाताचं काम आहे. पण समोरच्याला ठाऊक नाही हे काही माझं काम नव्हे. त्याचे पैसे मी कशाचे म्हणून घ्यायचे?

हे मी पुस्तकातनं शिकलो नाही. पूर्वी बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. घाम गाळून पिकवलेला माल आमचा, आणि रुमालाखाली काय ठरलं ते त्यांनाच ठाऊक. आमचा बा बाजूला उभा राहून नुसता रुमाल हलताना बघायचा. तो जन्मभर त्या रुमालाला शिव्या देत गेला. आता दुसऱ्याच्या दारात जाऊन तोच रुमाल मी हातावर टाकायचा?

आता पुण्याच्या दिनकर केळकरांसारखा माणूस असेल तर गोष्ट थोडी निराळी. त्यांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं १९७५ साली सरकारच्या हवाली केलं, आज कुणीही जाऊन बघावं. माझी नऊ घड्याळं माझ्याच सोप्यात आहेत. ती लोकांसाठी आहेत असं मला म्हणता येणार नाही.

आक्कांच्या पोराला ते विकायचंच होतं. आक्का अडून बसल्या, "येवढं किमतीचं हाय तर घरातच ऱ्हाऊ दे." मग मी स्प्रिंग बसवून दिली, मजुरी तीनशे घेतली. आठ दिवसांनी चावी द्यायची, उजवं भोक चालीचं, डावं ठोक्याचं, एवढं त्यांच्या नातीला दाखवून आलो.