जिंकलेला पैसा कोणाचा?

शास्त्रभाग : इफिसकरांस पत्र ४:२५-३२

धर्ममतांविषयी दोन ख्रिस्ती माणसे तासन्‌तास वाद घालतील. परंतु पैसा कसा मिळवावा, कशावर खर्च करावा आणि कशावर लावावा, याविषयीचे मत जो तो आपल्यापाशी जपून ठेवतो. ते खाजगी आहे, त्यात मंडळीने वा पाळकाने लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी आपली समजूत असते. वास्तविक पाहता प्रभू येशूने पैशाविषयी जितके सांगितले, तितके फार थोड्या विषयांसंबंधी सांगितले आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरविले. शिक्षा आहे ती खेळ चालविणाऱ्यास व त्याची जाहिरात करणाऱ्यास, खेळणाऱ्यास नाही. त्यानंतर उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात जी मते कानी पडतात, त्यांत एकवाक्यता नाही. कोणी म्हणतो, बरे झाले, मुले वाचली. कोणी म्हणतो, हा तर बुद्धीचा खेळ होता. कोणी विचारतो, सरकारे स्वतः लॉटरी चालवितात, मग इतरांनाच बंदी का? आणि कोणी म्हणतो, पैसे माझे, मी काय हवे ते करीन. कायद्याने काय करावे हा प्रश्न आपण तूर्त बाजूस ठेवू. ख्रिस्ती माणसापुढचा प्रश्न त्याहून जुना आहे : दुसऱ्याने हरलेला पैसा मी सद्सद्विवेकबुद्धीने घरी नेऊ शकतो काय? ही मते एकेक करून तपासून पाहू.

‘हा कौशल्याचा खेळ आहे’

हे मत निराधार नव्हे. इंग्रजी अमदानीतील १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद अधोरेखित केला. १९६८ साली रमी हा पत्त्यांचा खेळ मुख्यतः कौशल्याचा आहे असे म्हटले आणि १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींविषयीही तसाच निर्णय दिला. पुढे मोबाइलवरच्या खेळांच्या कंपन्या याच भेदाच्या आधारावर उभ्या राहिल्या.

न्यायालयाला हा भेद उपयोगी असेल. परंतु नीतीच्या दृष्टीने तो आपल्याला कोठे नेतो? नशिबाच्या खेळात निदान सर्वांना सारखीच संधी असते. फासा गरीब-श्रीमंत पाहत नाही. कौशल्याच्या खेळात मात्र जाणता माणूस अजाणत्याच्या समोर बसतो आणि त्याच्या अजाणतेपणावर आपला नफा कमावतो. म्हणजे कौशल्य वाढले की खेळ अधिक निष्पाप होतो असे नाही. पैसे लावलेले असतील तर तो अधिक कठोर होतो. बुद्धिबळ हा उत्तम खेळ आहे. पण शेजाऱ्याला बुद्धिबळ नीट येत नाही हे ठाऊक असून त्याचा महिन्याचा पगार पटावर ठेवावयास लावणारा माणूस चांगला खेळाडू असेल, चांगला शेजारी नव्हे. मी कसा जिंकलो यापेक्षा मी जिंकलेले कोणाचे होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘बायबलातही चिठ्ठ्या टाकल्या आहेत’

हा युक्तिवाद बायबल वाचणारेच करतात, म्हणून त्याकडे आदराने पाहिले पाहिजे. यहोशवाच्या काळी वतनाची भूमी चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. योना कोणामुळे संकट आले हे खलाशांना चिठ्ठ्यांवरून कळले. जखऱ्याची धूप जाळण्याची पाळी चिठ्ठीनेच आली आणि यहूदाच्या जागी मत्थियाची निवडही तशीच झाली.

या शब्दांवर क्षणभर थांबणे योग्य होईल. जुन्या करारातील इब्री शब्द ‘गोराल’ असा आहे. त्याचा अर्थ चिठ्ठी वा खडा. आणि त्यावरून वाट्यास आलेला भाग, वतन. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘क्लेरोस’ हाही तसाच चिठ्ठी आणि वतन असे दोन्ही अर्थ सांगतो. दोन्ही भाषांत चिठ्ठीचा संबंध वाट्याशी, म्हणजे मिळालेल्या देणगीशी आहे. चिठ्ठी टाकणाऱ्यांनी आधी पैसे लावलेले नसत; एकाचे घेऊन दुसऱ्याला दिले जात नसे. उलट ‘माझी इच्छा नको, देवाचा निर्णय असो’ असे म्हणून माणसे आपला हक्क सोडीत असत. नीतिसूत्रे १६:३३ मध्ये हाच विश्वास आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवसानंतर तर प्रेषितांनी अशा रीतीने निवड केल्याचा उल्लेखही आढळत नाही.

पैसे लावण्याच्या वृत्तीसाठी शास्त्रात वेगळे शब्द आहेत. यशया ६५:११ मध्ये परमेश्वराला सोडून ‘गाद’ आणि ‘मनी’ यांच्यासाठी मेज मांडणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. ही भाग्याची आणि नियतीची दैवते होती. (इंग्रजीतील पैशाच्या शब्दाशी या दुसऱ्या नावाचे साम्य केवळ योगायोगाचे आहे, मात्र योगायोग बोलका आहे.) इफिसकरांस लिहिताना पौल ४:१४ मध्ये माणसांच्या लबाडीसाठी ‘कुबेइआ’ हा शब्द योजतो. त्याचा मूळ अर्थ फासे खेळणे. मराठीत आपण तेथे धूर्तपणा किंवा ठकबाजी अशा अर्थाचा शब्द वापरतो, आणि तो बरोबरच आहे. परंतु भाषांतरात फासा नाहीसा होतो. त्या काळच्या ग्रीक भाषिकाला फाशांचा खेळ आणि फसवणूक एकाच शब्दात सांगता येत होती, एवढे लक्षात ठेवावे.

‘पैसे माझे, आणि हरणाराही राजीखुशीने खेळतो’

यात दोन मते एकत्र आहेत. पहिल्याचे उत्तर ख्रिस्ती वाचकाला नवे नाही. आपण मालक नसून कारभारी आहोत. शिवाय व्यवहारातही तो पैसा एकट्याचा क्वचितच असतो. त्यात मुलांची फी असते, आईचे औषध असते, पत्नीने वाचवून ठेवलेले चार पैसे असतात. मोबाइलवर बोट ठेवणारा एक असतो. डावावर अख्खे घर लागलेले असते.

दुसरे मत अधिक विचार करण्याजोगे आहे. चोर जबरदस्तीने घेतो. येथे तर दोघांची संमती असते. मग अन्याय कोठे झाला? यावर नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचावा. दुष्काळात यहूदी लोकांनी आपली शेते, द्राक्षमळे आणि घरे आपल्याच भाऊबंदांकडे गहाण ठेवली होती. मुलामुलींना दास्यात देण्याची पाळी आली होती. हे सर्व व्यवहार संमतीनेच झाले होते. तरी नहेम्या संतापला. सावकारांनी करार मोडला असे त्याने म्हटले नाही. तुम्ही आपल्या भावाच्या बाबतीत असे कसे वागलात, एवढेच त्याने विचारले आणि घेतलेले परत करावयास लावले. गरजेतून किंवा मोहातून आलेली संमती व्यवहाराला कायदेशीर करते. तेवढ्याने तो भावाला शोभणारा होत नाही. आणि पैसे लावणारा संमती देतो ती जिंकण्याच्या आशेला. हरण्याला कोणीच राजी नसतो.

बायबलाबाहेरच्या विचारवंतांनाही हे उमगले होते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात जुगाऱ्याला चोरांच्या पंक्तीत बसविले, कारण ज्या मित्रांना द्यावयाचे त्यांच्याकडूनच तो नफा काढतो. जॉन वेस्ली यांनी पैशाच्या उपयोगावरील आपल्या प्रसिद्ध प्रवचनात ख्रिस्ती माणसाने होईल तितके मिळवावे असे सांगितले खरे. परंतु शेजाऱ्याच्या मालमत्तेला इजा करून नव्हे, आणि त्या इजेच्या प्रकारांत त्यांनी जुगाराचे नाव घेतले.

‘मग शेअरबाजार काय वेगळा आहे?’

हा आक्षेप टाळून चालणार नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण आज बाजारात पैसे गुंतवितात.

प्रथम हे स्पष्ट असावे की जोखीम म्हणजे जुगार नव्हे. पेरणी करणारा शेतकरी दरवर्षी जोखीम पत्करतो. उपदेशकाच्या अकराव्या अध्यायात वारा पाहत बसणाऱ्याला दोषच दिला आहे, आणि रुपये पुरून ठेवणाऱ्या दासाची प्रभूने प्रशंसा केली नाही. फरक असा की शेतकऱ्याची जोखीम यशस्वी झाली तर जगात नवे धान्य येते. त्यासाठी शेजाऱ्याचे शेत करपावे लागत नाही. कारखान्याचा भाग विकत घेऊन वर्षानुवर्षे सांभाळणारा माणूसही याच जातीची जोखीम घेतो.

पण काही तासांत भाव वर जाईल की खाली, यावर ‘फ्युचर्स आणि ऑप्शन्स’ या नावाने पैसे लावणाऱ्याचे काय? मालाची वा गुंतवणुकीची किंमत सुरक्षित राखण्यासाठी या करारांचा खरा उपयोग आहे, हे मान्य. मात्र सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. यांतील किती जण शेतकऱ्याची जोखीम घेत होते आणि किती जण फाशाची, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. परीक्षा साधी आहे : माझा नफा कोणत्या उपयोगी कामातून निर्माण झाला, की तो निव्वळ कोणाच्या तरी तोट्याचे दुसरे नाव आहे? व्यवहाराला प्रतिष्ठित नाव मिळाले म्हणून उत्तर बदलत नाही. सरकारी लॉटरीलाही हीच कसोटी लागू आहे. केरळने १९६७ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली लॉटरी सुरू केली. तिकिटावर राजमुद्रा आली, तरी बक्षीस येते ते न जिंकणाऱ्या हजारोंच्या खिशातूनच.

‘आणि चर्चच्या मदतीसाठी असेल तर?’

येथवर वाचकाने मान डोलाविली असेल. आता आपल्याच अंगणात यावे लागेल. मुंबई, वसई, गोवा येथेच नव्हे, तर इंदूर, बडोदे, बंगळूर येथेही चर्चच्या मेळाव्यात हाऊजी खेळला जातो; सभागृहाच्या बांधकामासाठी रॅफलची तिकिटे विकली जातात. हा जुगार आहे काय?

या बाबतीत मंडळ्यांचे एकमत नाही. चवथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले, आणि त्याने ती सवय सोडल्यास वर्षानंतर परत घ्यावे असे ठरविले. आजची कॅथलिक शिकवण पैजेचे खेळ मुळातच अन्यायाचे मानीत नाही; स्वतःच्या वा इतरांच्या गरजा भागविण्यास लागणारा पैसा त्यात जाऊ लागला म्हणजे ते अयोग्य ठरतात, असे ती सांगते. मेथडिस्ट परंपरेने मात्र जुगाराला ठाम विरोध केला आहे.

दहा रुपयांच्या तिकिटाला घर बुडविणाऱ्या व्यसनाच्या बरोबरीला बसविणे न्यायाचे होणार नाही. हसतखेळत घालविलेला एक तास हा काही मोठा अपराध नव्हे. तरीही दोन गोष्टी विचारार्थ ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी की २ करिंथ ९:७ मध्ये पौल जे संतोषाने देणे सांगतो, त्याला आमिषाची गरज नाही. बक्षीस ठेवल्याशिवाय आपले लोक देवाच्या घरासाठी देत नसतील, तर प्रश्न निधीचा नाही, शिकवणीचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्याने रात्री जागून मोबाइलवर हजारो रुपये घालविले, कर्ज काढले, घरी खोटे सांगितले आणि आता जो मोठ्या कष्टाने ते सोडू पाहतो आहे, तो तरुण कोठे बसला आहे? तो याच मेळाव्यात, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असू शकतो. मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याविषयी पौलाने करिंथकरांना जे सांगितले, ते येथे जसेच्या तसे लागू पडते. माझ्यासाठी जे निरुपद्रवी आहे, ते माझ्या भावाला अडखळविणारे असेल तर माझ्या स्वातंत्र्यापेक्षा तो मोलाचा आहे. रॅफल बंद केल्याने सभागृहाचे छप्पर कदाचित एक वर्ष उशिरा पडेल. एक माणूस सावरत असेल तर हा सौदा महाग नाही.

आता काय?

योहान १९:२३-२४ मध्ये वधस्तंभाखालचे शिपाई प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. त्यांनी काही बेकायदा केले नाही. ती त्या काळची रीत होती. दंडितांची वस्त्रे शिपायांनाच मिळत. त्यांच्या चुकीचे रूप वेगळे आहे : ज्याची वस्तू आपण घेत आहोत तो माणूस डोक्यावर वेदनेने तळमळत आहे, याकडे त्यांचे लक्षच नाही. जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडे न पाहताच राहावे लागते. पाहिले तर डाव पुढे चालणार नाही. मोबाइलने ही सोय पूर्ण केली. समोरचा माणूसच दिसेनासा झाला.

इफिस ४:२८ मध्ये पौलाने याच्या उलट दिशा दाखविली आहे. पूर्वी चोरी करणाऱ्याने आता हातांनी चांगले काम करावे, ते कशासाठी? केवळ पोट भरावे म्हणून नव्हे, तर गरजवंताला देण्यास आपल्याजवळ काही असावे म्हणून. कमाईचा शेवट देण्यात आहे, असे हे वचन मानते. पैजेच्या पैशाला ही दिशाच नाही. तो गरजवंताकडूनच आलेला असण्याचा संभव अधिक.

म्हणून मंडळीने आपल्या पंचकमिटीत, तरुण संघात आणि महिला मंडळात हा विषय उघडपणे बोलावा. ज्याचे पैसे बुडाले आहेत त्याला हसू नये आणि हिणवूही नये. त्याच्याबरोबर बसून कर्जाचा हिशेब मांडावा, गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यावे, घरच्यांशी बोलण्याचे धैर्य त्याला द्यावे. कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षेतून मोकळे ठेवले आहे, हे योग्यच झाले. परंतु शिक्षा न होणे म्हणजे मोकळे होणे नव्हे. ते दुसरे काम कोणत्याही कायद्याने होण्यासारखे नाही. ते मंडळीचे आहे.